वर सरकवलं म्हणजे बंद झालं का?

कॅरीत रात्रीचे नऊ वाजलेत. जेवणं झाली, उरलेली भाजी फ्रिजमध्ये गेली, आणि तुम्ही साताऱ्याला आजीला व्हिडिओ कॉल लावता. उन्हाळा आहे, म्हणजे तिकडे सकाळचे साडेसहा. आजी उठलेली असणार, पहिला चहाही झालेला असणार. पण स्क्रीनवर नुसतं ‘कॉलिंग’ दिसत राहतं, ‘रिंगिंग’ काही होत नाही. दोनदा प्रयत्न करून शेवटी तुम्ही साधा फोन लावता. तो लगेच उचलला जातो. “फोन माझ्या हातातच होता की! वाजलाच नाही बघ.”

नेटवर्क ठीक असतं, वायफाय ठीक असतं. कारण कळतं ते सुट्टीत साताऱ्याला गेल्यावर. झोपायच्या आधी आजी गॅसचा रेग्युलेटर बंद करते, मागच्या दाराची कडी लावते, दिवे मालवते, आणि मग पलंगावर बसून फोनमधली सगळी अ‍ॅप्स एकेक करून वर सरकवते. का? “उगाच बॅटरी कशाला जाळायची?”

आजीचं वागणं तिच्या घराला धरून आहे. आपल्याकडे भिंतीतल्या जवळजवळ प्रत्येक सॉकेटशेजारी एक बटण असतं. मिक्सर वापरून झाला की बटण बंद, इस्त्री झाली की बटण बंद. अमेरिकेतल्या घरांत सॉकेटला बटणच नसतं, त्यामुळे तुमच्या हाताला ती सवय नाही. आजीच्या हाताला ती साठ वर्षांची आहे. तिला वाटतं, फोनमधली ती वर सरकवायची खूण म्हणजे त्या सॉकेटचं बटण.

तसं ते नाही. पण ते नेमकं काय आहे, हे तिला आजवर कुणी नीट सांगितलेलंही नाही. याचं कारण असं की ते एकदा, एकाच अर्थानं कधी ठरलंच नाही. नोकिया, मायक्रोसॉफ्ट, पाम, अ‍ॅपल, गूगल आणि मग फोन बनवणाऱ्या कंपन्या अशा सगळ्यांनी आपापल्या गरजेनुसार ‘बंद’ या शब्दाचा अर्थ लावला. पॉडकास्टच्या या भागात वेळेअभावी जे राहिलं ते इथे लिहितोय: बोटाच्या एका खुणेचा इतिहास.

प्रामाणिक यादी आणि खोटी फुली

तुमच्या आईबाबांच्या पिढीतल्या कुणाकडे तरी नोकियाचा सिंबियन फोन असेल. सिंबियन ही कंपनी जून १९९८ मध्ये स्थापन झाली. तिची मुळं लंडनच्या सायन या कंपनीच्या खिशात मावणाऱ्या संगणकांत होती, आणि त्या संगणकांवर एका वेळी अनेक प्रोग्रॅम खरोखरच चालायचे. २००२ मध्ये आलेल्या नोकियाच्या ७६५० या फोनमध्येही ती क्षमता होती. मेनूचं बटण दाबून धरलं की चालू असलेल्या अ‍ॅप्सची यादी दिसायची. त्यातल्या एकावर जाऊन ‘सी’ दाबलं की ते बंद. जे यादीत आहे ते चालू आहे, जे यादीतून काढलं ते थांबलं. आजीच्या सॉकेटसारखाच सरळ व्यवहार.

याच सुमारास मायक्रोसॉफ्टच्या पॉकेट पीसीवर अगदी उलटं चाललं होतं. कोपऱ्यात घरच्या संगणकावर असते तशीच फुली होती. ती दाबली की प्रोग्रॅम नजरेआड व्हायचा, पण मेमरीत तसाच बसून राहायचा. बनवणाऱ्यांचा विचार वाईट नव्हता: मेमरीचा हिशोब माणसानं का ठेवायचा, जागा कमी पडली की सिस्टमच जुनं काढून टाकेल. प्रत्यक्षात फोन रेंगाळायला लागायचा. लोक सेटिंग्जमध्ये खोलवर जाऊन चालू प्रोग्रॅमची यादी शोधायचे आणि एकेक थांबवत बसायचे. फुलीच्या चित्रानं एक सांगितलं आणि फोननं दुसरंच केलं, तर लोक चित्रावर नाही, फोनवर अविश्वास दाखवतात. हा धडा पुढे वारंवार गिरवला गेला.

अ‍ॅपलचा नकार आणि गेटवरचा वॉचमन

पहिला आयफोन २००७ मध्ये आला तेव्हा त्यात १२८ मेगाबाइट मेमरी होती. आज तुमच्या फोनमधले मोजके फोटोही त्याहून जास्त जागा घेतात. जुलै २००८ मध्ये अ‍ॅप स्टोअर उघडलं, पण अ‍ॅपलनं बाहेरच्या डेव्हलपरना एक नियम घातला: तुमचं अ‍ॅप समोर असेल तोवरच चालेल. माणूस बाहेर पडला की अ‍ॅप संपलं. बॅटरी आणि मेमरी दोन्ही वाचणार होत्या.

पण मग निरोप कसे यायचे? त्यावर अ‍ॅपलनं जून २००८ मध्ये जो उपाय जाहीर केला, तो समजायला पुण्या-मुंबईची एखादी सोसायटी डोळ्यांसमोर आणा. पन्नास फ्लॅट आहेत. कुरिअर येईल म्हणून प्रत्येक घरात एक माणूस दिवसभर दाराशी जागा ठेवायचा, की गेटवर एकच वॉचमन बसवायचा? अ‍ॅपलनं वॉचमन बसवला. फोन अ‍ॅपलच्या सर्व्हरशी एकच जोडणी उघडी ठेवणार, सगळ्या अ‍ॅप्सचे निरोप त्या एका जोडणीवरून येणार, आणि वॉचमन संबंधित घराची बेल वाजवणार. हेच पुश नोटिफिकेशन. त्याच वर्षी येणार म्हणून सांगितलेली ही सोय प्रत्यक्षात जून २००९ मध्ये आली.

डेव्हलपरांचं तेवढ्यानं भागलं नाही. गाणी ऐकवणाऱ्या, रस्ता दाखवणाऱ्या, इंटरनेटवरून फोन लावणाऱ्या अ‍ॅप्सना मागेही चालू राहणं भागच होतं. म्हणून एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी आयफोनच्या सिस्टमची चौथी आवृत्ती दाखवली आणि मागे काम करायच्या ठरावीक सात वाटा उघडल्या: गाणी, इंटरनेट कॉल, ठिकाण, पुश, फोननं स्वतःच दिलेली आठवण, हातात घेतलेलं काम संपवायला थोडा वेळ, आणि अ‍ॅप गोठवून ठेवून पुन्हा झटकन उघडणं. बाकी सगळं झोपेल. त्याच कार्यक्रमात ते असंही म्हणाले की ज्या फोनवर माणसाला टास्क मॅनेजर दिसतो, तिथे बनवणाऱ्यांचं चुकलंय. या सगळ्याचा माणसाला विचारच करावा लागू नये, हा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. तरीही होम बटण दोनदा दाबलं की खाली चिन्हांची एक ओळ यायची आणि चिन्ह दाबून धरलं की लाल वजाबाकीची खूण. लोकांना ती सापडली आणि त्यांनी ती मनापासून वापरली. विचार करू नका म्हटलं की माणूस जास्तच करतो.

अँड्रॉइड: सगळ्यांना आत घ्या, मग निवडा

गूगलनं अँड्रॉइड २००५ मध्ये विकत घेतलं आणि त्यावरचा पहिला फोन, टी-मोबाइल जी१, ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेत विकायला आला. त्यात १९२ मेगाबाइट मेमरी होती, म्हणजे अडचण अ‍ॅपलसारखीच. उत्तर मात्र वेगळं निघालं. अँड्रॉइडच्या गाभ्यावर काम करणाऱ्या डायान हॅकबॉर्न याआधी बी आणि पाम या कंपन्यांत होत्या. एप्रिल २०१० मध्ये त्यांनी एका लेखात या पद्धतीमागचा विचार उलगडून सांगितला.

तो विचार थोडक्यात असा. अ‍ॅप ‘बंद करणं’ हे माणसाचं कामच नाही. तुम्ही बाहेर पडलात तरी अ‍ॅप मेमरीत राहू दे, पुन्हा लागलं तर लवकर उघडेल. जागा कमी पडली की सिस्टम स्वतः निवडून काढेल, आणि त्या निवडीला एक उतरंड असेल: समोर दिसणारं अ‍ॅप सगळ्यात शेवटी जाईल, मागे काहीतरी काम करणारं त्याच्या आधी, आणि नुसतंच पडून राहिलेलं सगळ्यात आधी. जाण्यापूर्वी अ‍ॅपनं आपली अवस्था लिहून ठेवायची, म्हणजे परत उघडल्यावर माणसाला वाटेल की ते कधी गेलंच नव्हतं.

या उतरंडीतलं ‘मागे काम करणारं’ म्हणजे सर्व्हिस. गाणं वाजवायचंय, फाइल उतरवायचीय, तर अ‍ॅप सिस्टमला सांगायचं की माणूस निघून गेला तरी माझं हे काम चालू राहू दे. २००९ मध्ये अँड्रॉइड २.० आलं तेव्हा सर्व्हिसला एक गोष्ट उघडपणे सांगता येऊ लागली: मेमरीअभावी मला मारलंस, तर जागा झाल्यावर पुन्हा उठव. या प्रकाराला ‘स्टिकी’ म्हणतात, म्हणजे चिकट. आणि ती शब्दशः चिकट निघाली.

तुम्ही सिस्टमवर विश्वास टाकता, पण सिस्टमनं डेव्हलपरवर टाकलेल्या विश्वासाचं काय? रेशनच्या रांगेत प्रत्येकाचं काम तातडीचं असतं, तसं इथेही झालं. आधी कुठलीही सर्व्हिस गुपचूप स्वतःला अतिमहत्त्वाची म्हणवून घेऊ शकत होती. त्याचा गैरवापर वाढला, तेव्हा २.० मध्ये अट आली: असं महत्त्व हवं असेल, तर माणसाला दिसेल अशी नोटिफिकेशन लावायलाच हवी. गाणं वाजत असताना वर जी पट्टी दिसते ना, ती शोभेची नाही. ‘मी चालू आहे’ ही ती जाहीर कबुली आहे.

लोकांचा विश्वास मात्र तोवर उडाला होता. टास्क किलर नावाची अ‍ॅप्स कमालीची लोकप्रिय झाली. मेमरीत काय काय आहे त्याची यादी दाखवायची, एका फटक्यात सगळं मारायचं, किती मेगाबाइट मोकळे झाले ते दाखवायचं. मारलेल्यांतली निम्मीशिम्मी लगेच पुन्हा उठायची आणि उठण्यातच जास्त बॅटरी जायची. २०१० च्या अँड्रॉइड २.२ मध्ये गूगलनं या अ‍ॅप्सची धार काढून घेतली. पण एक समजूत पक्की होऊन बसली, ती आजीच्या पलंगापर्यंत पोहोचली: रिकामी मेमरी म्हणजे चांगला फोन.

खूण आली, अर्थ मागे राहिला

आता ती वर सरकवायची खूण आली कुठून, ते बघू. जून २००९ मध्ये पाम कंपनीचा प्रे हा फोन आला. त्याच्या वेबओएस या सिस्टममध्ये प्रत्येक चालू अ‍ॅप म्हणजे पत्त्यांच्या कॅटमधला एक पत्ता. डावीउजवीकडे सरकवून पत्ते बघायचे, आणि नको असलेला पत्ता बोटानं वर भिरकावून द्यायचा. हे रूप घडवणाऱ्यांत मटियास दुआर्ते प्रमुख होते. इथे पत्ता म्हणजे चित्र नव्हतं, खरोखर चालू असलेलं अ‍ॅप होतं. फार पत्ते उघडले तर फोन चक्क सांगायचा की पत्ते जास्त झालेत. वर भिरकावलं की अ‍ॅप संपलं. नोकियाच्या ‘सी’ बटणाइतकाच प्रामाणिक व्यवहार, फक्त जास्त देखणा.

वेबओएस बाजारात टिकलं नाही. पाम एचपीला विकली गेली आणि एचपीनं ऑगस्ट २०११ मध्ये हे फोन बनवणं थांबवलं. पण दुआर्ते त्याआधीच, २०१० मध्ये, गूगलमध्ये गेले होते. २०११ च्या शेवटी आलेल्या अँड्रॉइड ४.० मध्ये अलीकडे वापरलेल्या अ‍ॅप्सची छोट्या चित्रांची यादी आली आणि त्यातलं चित्र बाजूला सरकवून काढता येऊ लागलं. सप्टेंबर २०१३ मध्ये आयओएस ७ आलं आणि आयफोनवरही पत्ते आले, वर सरकवायचे.

खूण तीच, पण पत्त्यामागचं वास्तव बदललं होतं. अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्हींवर ही यादी चालू अ‍ॅप्सची नाही, अलीकडे वापरलेल्यांची आहे. त्यातली कितीतरी सिस्टमनं केव्हाच मेमरीतून काढलेली असतात, उरतं ते फक्त शेवटचं छायाचित्र. वीस पत्ते दिसले म्हणून वीस अ‍ॅप्स बॅटरी खात नाहीत. आजी रोज रात्री जे वर सरकवते, त्यातले बरेचसे नुसते फोटो असतात.

आणि जे खरोखर जिवंत असेल, त्याचं काय होतं? इथे दोन रस्ते फुटतात.

अँड्रॉइडनं या खुणेचा अर्थ सौम्य ठेवला. पत्ता काढला की सिस्टम अ‍ॅपचा समोरचा भाग आवरते, आणि मागे काही चालू नसेल तर बहुधा सगळंच काढून टाकते. पण सर्व्हिस चालू असेल तर तिला आधी निरोप जातो: माणसानं तुझा पत्ता काढलाय. पुढे थांबायचं की चालू राहायचं, याची सोय डेव्हलपरनं ठरवलेली असते. म्हणून पत्ता काढला तरी गाणं वाजत राहू शकतं. निरोप किंवा कॉल आला तर गूगलचा वॉचमन ते अ‍ॅप पुन्हा उठवू शकतो. खरं सॉकेटचं बटण निराळं आहे, ते सेटिंग्जमध्ये ‘फोर्स स्टॉप’ या नावानं लपलंय. ते दाबलं की अ‍ॅपनं लावलेले गजर रद्द होतात, आणि तुम्ही स्वतः ते अ‍ॅप उघडेपर्यंत वॉचमनही त्या घराची बेल वाजवत नाही.

आयफोननं याच खुणेचा अर्थ कडक लावला. माणसानं मुद्दाम वर सरकवलंय, म्हणजे त्याला हे अ‍ॅप नकोय. मग मागून ताजी माहिती आणणं बंद, गुपचूप येणाऱ्या निरोपानं जागं होणं बंद, पुन्हा उघडेपर्यंत. डोळ्यांना दिसणारी नोटिफिकेशन मात्र येते, कारण ती फोनच दाखवतो. आणि २०१४ पासून इंटरनेट कॉलसाठी वेगळी वाट आहे, त्यामुळे वर सरकवलेल्या अ‍ॅपचाही कॉल वाजू शकतो.

मार्च २०१६ मध्ये एका ग्राहकानं अ‍ॅपलच्या टिम कुक यांना ईमेलवर विचारलं: तुम्ही अ‍ॅप्स अशी बंद करता का, आणि बॅटरीसाठी त्याची गरज आहे का? उत्तर सॉफ्टवेअरचे प्रमुख क्रेग फेडरिगी यांनी दिलं. दोन्ही प्रश्नांना ‘नाही’. पण तोवर ही खूण जगभरच्या बोटांत बसली होती.

घरमालकानं वॉचमनला दिलेली ताकीद

मग आजीचा फोन का वाजला नाही? अँड्रॉइडचा अर्थ सौम्य असेल, तर कॉल यायला हवा होता. त्यासाठी कथेत चौथा माणूस आणावा लागतो. माणूस, डेव्हलपर आणि सिस्टम झाली. उरली फोन बनवणारी कंपनी.

गूगलनं २०१५ पासून अँड्रॉइड हळूहळू कडक केलं. त्या वर्षी ‘डोझ’ आलं: फोन टेबलावर शांत पडून असेल, तर मागची कामं गोळा करून अधूनमधून एकदाच उरकायची. २०१७ च्या अँड्रॉइड ८ नं सर्व्हिसचं मोकळं रान संपवलं: अ‍ॅप नजरेआड झालं की काही मिनिटांत तिची साधी सर्व्हिस थांबवली जाऊ लागली. चालू राहायचं असेल तर ती कबुलीची पट्टी लावा.

चीनमध्ये मात्र अडचण वेगळी होती. तिथे गूगलच्या सेवा नाहीत, म्हणजे सोसायटीला एक सामाईक वॉचमनच नाही. त्यामुळे प्रत्येक अ‍ॅप आपला माणूस जागा ठेवायचं, इतकंच नाही तर एक अ‍ॅप उठलं की ओळखीच्या चारपाच अ‍ॅप्सना उठवायचं. बॅटरी कशी टिकणार? तिथल्या कंपन्यांनी आपापल्या अँड्रॉइडमध्ये कडक पहारा बसवला. कुठल्या अ‍ॅपला आपणहून उठायची परवानगी आहे त्याची यादी, तिचं नाव बहुधा ‘ऑटोस्टार्ट’. यादीत नसलेलं अ‍ॅप सरकवून काढलं, की अशा बऱ्याच फोनवर ते जवळजवळ फोर्स स्टॉपच होतं.

हे फोन भारतात आले, परवडले, आणि घराघरांत पोहोचले. शाओमी जुलै २०१४ मध्ये भारतात आली आणि २०१७ च्या अखेरीस विक्रीत पहिल्या क्रमांकावर गेली. चीनमधल्या अडचणीवरचं उत्तर त्या फोनांबरोबर साताऱ्यात आलं, जिथे ती अडचण नव्हती. मोठ्या, नावाजलेल्या अ‍ॅप्सना परवानगी अनेकदा आधीच दिलेली असते. छोट्या अ‍ॅप्सना नसते: रक्तदाबाच्या गोळीची आठवण करणारं, बँकेचं, किंवा तुमच्या घरानं निवडलेलं जरा कमी प्रसिद्ध कॉलिंग अ‍ॅप. झोप मोजणाऱ्या आणि गजर लावणाऱ्या एका अ‍ॅपच्या निर्मात्यांनी वैतागून २०१९ मध्ये ‘डोन्ट किल माय अ‍ॅप’ नावाची एक यादीच सुरू केली: कुठली कंपनी किती अ‍ॅप्स मारते, आणि ते टाळायला कुठल्या सेटिंगमध्ये काय बदलायचं. गजर वाजलाच नाही, तर शिव्या गजरवाल्याला बसतात, फोनवाल्याला नाही.

२०२०: दोन्ही घरांत एकच परीक्षा

कॉल चुकणं ही तशी छोटी गोष्ट. २०२० मध्ये हाच प्रश्न जिवावर बेतणारा झाला.

साथीत कुणाच्या जवळ कोण होतं, हे फोनच्या ब्लूटूथनं टिपावं अशी कल्पना पुढे आली. सिंगापूरनं २० मार्च २०२० ला ट्रेसटुगेदर आणलं. भारतात २ एप्रिलला आरोग्य सेतू आलं. दोन्हींना एकच गोष्ट हवी होती: फोन खिशात, स्क्रीन बंद, माणूस दुसऱ्याच कामात, आणि तरी अ‍ॅप सतत जागं. म्हणजे बारा वर्षं ज्याच्याविरुद्ध पहारे बसवले गेले, नेमकं तेच.

आयफोननं नेहमीसारखाच नकार दिला. मागे गेलेल्या अ‍ॅपचा ब्लूटूथचा आवाज तो इतका बारीक करतो, की दोन बंद स्क्रीनचे आयफोन एकमेकांना जवळजवळ सापडतच नाहीत. वर सरकवलं तर संपलंच. सिंगापूरमध्ये आयफोनवाल्यांना सांगावं लागलं की अ‍ॅप समोर उघडं ठेवा. ब्रिटननं मे महिन्यात आइल ऑफ वाइट बेटावर स्वतःच्या अ‍ॅपची चाचणी घेतली. ते अ‍ॅप अँड्रॉइड फोनांपैकी ७५ टक्के ओळखत होतं, आणि आयफोनांपैकी फक्त ४ टक्के. १८ जूनला सरकारनं ते सोडून दिलं.

भारतात १ मे २०२० च्या आदेशानं सरकारी आणि खाजगी कर्मचाऱ्यांना आरोग्य सेतू सक्तीचं झालं. १७ मेच्या आदेशात ती सक्ती ‘शक्य तेवढा प्रयत्न करा’ इथवर सैल झाली. वाद झाला तो मुख्यतः खाजगीपणावर, कारण हे अ‍ॅप ब्लूटूथबरोबर ठिकाणही घेत होतं. तांत्रिक बाजूची चर्चा कमी झाली. ज्या फोनवर सरकवलेलं अ‍ॅप मरतं आणि ज्या माणसाला सरकवायची सवय आहे, तिथे हे अ‍ॅप फोनवर असूनही नसल्यासारखंच.

आता कॅरीत परत या. अ‍ॅपल आणि गूगल या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी १० एप्रिल २०२० ला एकत्र येऊन वेगळा मार्ग जाहीर केला: हे काम अ‍ॅपनं करायचंच नाही, सिस्टमनं करायचं. २० मेला ते फोनांवर आलं. नॉर्थ कॅरोलिनाच्या आरोग्य विभागानं त्यावर स्लोकोविडएनसी हे अ‍ॅप २२ सप्टेंबरला आणलं. अ‍ॅप म्हणजे फक्त दर्शनी खोली होती. ब्लूटूथवरून दर थोड्या मिनिटांनी बदलणारे निनावी आकडे देण्याघेण्याचं काम वॉचमनच करत होता. तुम्ही अ‍ॅप वर सरकवलं तरी ते थांबत नव्हतं. थांबवायचं असेल तर सेटिंग्जमध्ये एक खरं बटण होतं. बदल्यात अट होती: ठिकाण घ्यायचं नाही.

हे न्याय्य होतं का? उत्तर सोपं नाही. कुणाला मागे जागं राहता येईल, हे कॅलिफोर्नियातल्या दोन कंपन्यांनी ठरवलं आणि निवडून आलेल्या सरकारांनी ते मानलं. गंमत म्हणजे त्याच ऑगस्टमध्ये कॅरीतच मुख्यालय असलेल्या एपिक गेम्सनं अ‍ॅपलला कोर्टात खेचलं होतं. तो खटला अ‍ॅप स्टोअर आणि पैशांचा होता, पण मुळातला प्रश्न शेजारचाच: फोन माझा, मग दरवाज्याची किल्ली कुणाकडे? दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ज्या भिंतीनं आजार शोधणाऱ्या अ‍ॅपला अडवलं, तीच भिंत तुमच्यावर गुपचूप पाळत ठेवू पाहणाऱ्या अ‍ॅपलाही अडवते.

पुन्हा ‘सी’ बटण

या इतिहासात दोन साध्या मागण्या एकमेकींशी भांडताना दिसतात. मी बंद केलं की बंद व्हावं, ही एक. मी बंद केलं तरी माझ्या माणसाचा निरोप मला मिळावा, ही दुसरी. दोन्ही रास्त आहेत. घोटाळा झाला तो दोन्हींसाठी एकच खूण वापरल्यामुळे. आजी जेव्हा वर सरकवते तेव्हा तिला पहिली हवी असते आणि दुसरी गृहीत असते.

ऑगस्ट २०२२ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १३ नं थोडं मागे वळून पाहिलं. वरून पडदा खाली ओढला की आत्ता खरोखर मागे चालू असलेल्या अ‍ॅप्सची यादी दिसते, आणि प्रत्येकासमोर ‘थांबवा’ असं बटण. जे चालू आहे तेच यादीत. नोकियाच्या फोनवर मेनू दाबून धरल्यावर दिसायचं तसंच. वीस वर्षं, आणि पुन्हा त्याच प्रामाणिक यादीपाशी.

तर पुढच्या वेळी आजीशी बोलताना “तू सरकवतेस म्हणून वाजत नाही” असं एवढंच सांगून थांबू नका. ती मान डोलावेल, आणि रात्री पुन्हा सरकवेल. सुट्टीत गेलात की, किंवा तिकडच्या एखाद्या आतेभावाला हाताशी धरून, तिच्या फोनमध्ये तीन गोष्टी करा. कॉलच्या आणि औषधाच्या अ‍ॅपला ऑटोस्टार्टची परवानगी द्या. बॅटरीच्या सेटिंगमधलं त्या दोघांवरचं बंधन काढा. आणि बऱ्याच फोनांवर पत्त्याला कुलूप लावता येतं, ते लावा, म्हणजे सगळं एकदम साफ केलं तरी तो पत्ता जागेवर राहतो.

मग तिला खुशाल सरकवू द्या. रेग्युलेटर, कडी, दिवे आणि फोन, या क्रमानं तिचा दिवस संपतो. तो मोडायची गरज नाही. सकाळी साडेसहाला फोन वाजला म्हणजे झालं.